'द हाउस ऑफ द रायझिंग सन' : मूळ गाणे कोणाचे मानावे?

मृद्गंध

माझी मुलगी नववीत आहे आणि गेले दीड वर्ष गिटार शिकते आहे. वर्गाच्या वार्षिक कार्यक्रमात ती 'द हाउस ऑफ द रायझिंग सन' वाजवून गाणार आहे. कार्यक्रमपत्रिकेसाठी मुलांना एक चिठ्ठी दिली असून तिच्यात गाण्याचे नाव, मूळ गायक आणि साल असे तीन रकाने आहेत. पहिला रकाना तिने झटकन भरला आणि दुसऱ्यापाशी अडली. मी सहजपणे "ॲनिमल्स, १९६४" असे, म्हणजे त्या इंग्लिश रॉक गटाचे नाव सांगितले, कारण माझ्या दादाच्या कॅसेटवर तेच नाव होते आणि आमच्या घरी या गाण्याला दुसरा मालक असू शकतो, अशी शंकाही कधी कोणाला आली नव्हती. तिने शोधून दाखवले की अमेरिकन गायक बॉब डिलनने ते १९६२ सालच्या पहिल्याच अल्बममध्ये गायले होते आणि त्याच्याआधी १९६० मध्ये अमेरिकेचीच लोकगायिका जोन बाएझने. मग रकान्यात लिहायचे कोणाचे नाव?

माझे एक मत आधीच मांडते. डिलन आणि बाएझ यांच्या गाण्यात बोलणारी एक मुलगी आहे. न्यू ऑर्लिन्समधल्या त्या घराने अनेक गरीब मुलींचा सत्यानाश केला आणि त्यांतली एक मी, असे ती सांगते. ॲनिमल्सनी मुलीच्या जागी मुलगा आणला. माझ्या मते त्यामुळे गाण्याचे मर्मच हरवले. जाणकारांनी आपले म्हणणे सविस्तर लिहावे, ही विनंती.

सहातारी

मी पंचवीस वर्षे गिटार शिकवतो, म्हणून आधी हातांची बाजू मांडतो. ॲनिमल्सच्या ध्वनिमुद्रणाची सुरुवात हिल्टन व्हॅलेंटाइनच्या गिटारने होते. ए मायनर, सी, डी, एफ, पुन्हा ए मायनर, सी आणि मग ई, अशी कॉर्डची, म्हणजे एकत्र जुळणाऱ्या स्वरांच्या गटांची मालिका आहे आणि प्रत्येक कॉर्ड तो अर्पेजिओने, म्हणजे एकेक तार सुटी छेडत, जाड तारेकडून पातळ तारेकडे आणि पुन्हा मागे असा वाजवतो. हे सगळे त्याने पिकने, म्हणजे तारा छेडायच्या लहान चपट्या तुकड्याने वाजवले आहे. बोटांनी वाजवले की तेच स्वर मऊ पडतात आणि त्या सुरुवातीतली धार जाते.

ही मालिका शिकणाऱ्याच्या हाताला फार मोठे वळण लावते. पहिल्या तीन कॉर्डपर्यंत मूल आनंदात असते. चौथ्या एफला तर्जनी पहिल्या फ्रेटवर आडवी टाकून सगळ्या तारा दाबाव्या लागतात, तिथे तार 'ठक्' अशी मुकी वाजते, बोटाच्या कडेला लाल रेघ उमटते आणि तीन आठवडे घरात फक्त त्या ठकठकीचा आवाज असतो. ज्या दिवशी एफ स्वच्छ वाजतो, त्या दिवशी मूल गिटार सोडत नाही, हे मी कितीदा तरी पाहिले आहे. आमच्या पिढीने हे गाणे असे हातांतून शिकले, त्यामुळे आमच्यासाठी ते ॲनिमल्सचेच आहे.

मंद्रसप्तक

सहातारी यांनी दिलेल्या मालिकेत एक मौज आहे. 'ए'ला षड्ज मानून हार्मोनियमवर या कॉर्ड वाजवून पाहा. डी मेजरमध्ये शुद्ध धैवत लागतो आणि लगेच पुढच्या एफमध्ये कोमल धैवत येतो. सी मेजरमध्ये कोमल निषाद आहे, तर ओळीच्या शेवटी येणाऱ्या ई मेजरमध्ये शुद्ध निषाद. दोन्ही धैवत आणि दोन्ही निषाद एवढ्या लहानशा आवर्तनात येऊन जातात आणि गंधार मात्र कोमलच राहतो. धैवत उतरतो तेव्हा उजेड मालवल्यासारखा वाटतो, तो यामुळेच. सहा-आठच्या तालामुळे दादऱ्याची सवय असलेल्या कानाला ही चाल परकी वाटत नाही.

अटलांटिकपार

मृद्गंधताई, तुमच्या मुलीला १९६० च्याही बरेच मागे जावे लागेल.

१५ सप्टेंबर १९३७ रोजी केंटकी राज्यातल्या मिडल्सबरो या खाणकामगारांच्या गावात ॲलन लोमॅक्स हा २२ वर्षांचा संशोधक ध्वनिमुद्रणाचे जड यंत्र घेऊन आला. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी तो लोकगीते गोळा करत होता. तिथे जॉर्जिया टर्नर नावाच्या एका खाणकामगाराच्या १६ वर्षांच्या मुलीने त्याला हे गाणे गाऊन दाखवले. साथीला कोणतेही वाद्य नव्हते. लोमॅक्सने त्याची नोंद 'रायझिंग सन ब्लूज' अशी केली आणि १९४१ मध्ये छापलेल्या आपल्या संग्रहात शब्दांचे श्रेय जॉर्जियाला दिले. काही कडवी त्याने बर्ट मार्टिन या केंटकीच्याच दुसऱ्या गायकाकडून घेतली होती. त्याच वर्षी लोकगायक वूडी गथ्रीने ते ध्वनिमुद्रित केले आणि पुढे लेड बेली, जोश व्हाइट असे करत ते न्यूयॉर्कच्या लोकसंगीताच्या वर्तुळात रुजले. बाएझ आणि डिलन यांच्यापर्यंत ते या वाटेने पोहोचले.

तरीही जॉर्जियाला मूळ गायिका म्हणता येत नाही. तिच्याआधी, १९३३ मध्ये, क्लॅरेन्स ॲशली आणि ग्वेन फॉस्टर यांनी हे गाणे व्होकॅलियन कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केले होते. ॲशलीने ते आपल्या आजोबांकडून शिकल्याचे सांगितले आहे. त्याहीआधी, १९२५ मध्ये, रॉबर्ट विन्स्लो गॉर्डन यांच्या जुन्या गाण्यांविषयीच्या मासिक-सदरात याचे शब्द छापले गेले होते.

आता तुमच्या मताविषयी. १९२५ च्या छापील शब्दांत बोलणारी मुलगी आहे. १९३३ मध्ये ॲशली 'गरीब मुलगे' असे गातो. १९३७ मध्ये जॉर्जिया पुन्हा मुलीच्या तोंडून गाते. म्हणजे मुलीचा मुलगा करण्याचे श्रेय किंवा दोष एकट्या ॲनिमल्सच्या माथी मारता येणार नाही.

मृद्गंध

अटलांटिकपार, मनापासून आभार. ॲशलीविषयी मला काहीच माहिती नव्हती, त्यामुळे माझे विधान मला सुधारून घ्यावे लागेल. तरीही माझी हळहळ पुरती जात नाही. मुलीच्या तोंडून ऐकताना 'धाकट्या बहिणीला सांगा, माझ्यासारखे करू नको' या ओळीवर गळा दाटतो. मुलाच्या तोंडी तीच भावना आया-बापांना दिलेला एक सर्वसाधारण इशारा होऊन बसते.

रातराणी

मृद्गंध, मी तुमच्याशी सहमत आहे. आणखी एक बदल ध्यानात घ्यावा. जुन्या शब्दांत तिचा प्रियकर जुगारी किंवा दारुडा आहे, म्हणजे तिला त्या घरापर्यंत नेणारा माणूस गाण्यातच उभा आहे. ॲनिमल्सच्या शब्दांत जुगारी असतो तो बाप. आई शिवणकाम करते, नवी निळी जीन्स शिवून देते, आणि मुलगा बापाच्या वळणावर जातो. कथा सुसंगत राहते, पण ती वेगळी कथा आहे. प्रियकर गेला, त्याच्याबरोबर फसवणूकही गेली.

डोंगरवाट

मला हे पटत नाही. ॲनिमल्सचा गायक एरिक बर्डन याचा आवाज ऐका. पहिले कडवे तो जवळजवळ बोलल्यासारखे खालच्या पट्टीत गातो आणि पुढच्या कडव्यात एकदम वरच्या सप्तकात जाऊन फुटतो. त्या गटाचे न्यूकॅसल हे कोळशाच्या खाणींचे आणि जहाजबांधणीचे शहर होते. तिथल्या कामगार वस्तीत वाढलेल्या २३ वर्षांच्या तरुणाने मुलीच्या भूमिकेत उभे राहण्यापेक्षा स्वतःच्या तोंडची गोष्ट केली, हे मला प्रामाणिक वाटते. केंटकीतल्या खाणकामगाराच्या मुलीचे गाणे इंग्लंडच्या कोळसा-शहरातल्या पोरांनी उचलले, यात मला हरवण्यापेक्षा सापडणेच अधिक दिसते.

सहातारी

डोंगरवाट यांना अनुमोदन. त्या ध्वनिमुद्रणाची हकीकतही इथे सांगायला हवी. ॲनिमल्स तेव्हा अमेरिकन रॉक अँड रोल गायक चक बेरीबरोबर इंग्लंडच्या दौऱ्यावर होते. इतर सगळे गट कार्यक्रमाच्या शेवटी चक बेरीच्याच धर्तीवर दणदणीत काहीतरी वाजवत असल्यामुळे आपण वेगळे काय द्यावे, या विचारातून त्यांनी हे संथ, काळोखे गाणे निवडले आणि प्रेक्षक स्तब्ध होत असल्याचे त्यांच्या लक्षात आले. दौरा चालू असतानाच, १८ मे १९६४ रोजी, लंडनच्या किंग्जवेवरील डी लेन ली स्टुडिओत ते एकाच टेकमध्ये मुद्रित झाले, असे बँडच्या सदस्यांनी सांगितले आहे. रोज रंगमंचावर वाजवून ते इतके मुरले होते की दुसऱ्यांदा वाजवण्याची गरजच पडली नाही.

लांबी होती सुमारे साडेचार मिनिटे. त्या काळी रेडिओवर तीन मिनिटांच्या आतली गाणी चालत. निर्माता मिकी मोस्ट याने ते ब्रिटनमध्ये पूर्ण लांबीत बाहेर काढले, अमेरिकेत मात्र सुरुवातीला कापून तीन मिनिटांच्या आत बसवले गेले. जुलै १९६४ मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले आणि सप्टेंबरमध्ये अमेरिकेत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. कापलेल्या आवृत्तीत ॲलन प्राइसच्या ऑर्गनचा बराच भाग गेला आहे, तो आवर्जून पूर्ण ऐकावा. व्हॉक्स काँटिनेंटल या वाद्याचा तो किंचित नाकातला, चिरका स्वर शेवटाकडे चढत जातो आणि गिटारची तीच ती मालिका खाली चालू राहते. सगळे गाणे त्या ताणावर उभे आहे.

अण्णा_दादरकर

तबकडीवर मात्र श्रेय एकट्या ॲलन प्राइसला आहे. 'पारंपरिक, संयोजन : प्राइस' अशा अर्थाची ओळ आहे. पाच जणांची नावे लेबलवर मावत नव्हती म्हणून एकाचेच छापले, असे बाकीच्यांना सांगण्यात आले. गाणे पारंपरिक असल्यामुळे रचनेचा हक्क कोणाचाच नव्हता, पण संयोजनाच्या हक्काचे मानधन ज्याचे नाव छापले त्याच्याकडे गेले. ज्याची गिटार जगभरच्या मुलांनी पाठ केली, त्या व्हॅलेंटाइनचे नाव त्या ओळीत नाही. ही सल त्या गटात वर्षानुवर्षे राहिली. मृद्गंधताई, तुमच्या मुलीच्या चिठ्ठीतला दुसरा रकाना किती महाग पडू शकतो, ते यावरून दिसते.

(थोडे अवांतर : याच गटाचा बास वाजवणारा चॅस चँडलर १९६६ मध्ये जिमी हेंड्रिक्सला न्यूयॉर्कहून लंडनला घेऊन आला.)

रातराणी

अण्णा, तुम्ही सांगितलेल्या हक्काच्या गोष्टीला न्यूयॉर्कमध्ये एक पूर्वपीठिका आहे. डिलनने जे संयोजन १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये मुद्रित केले, ते डेव्ह व्हॅन राँक या ग्रेनिच व्हिलेजमधल्या ज्येष्ठ गायकाचे होते. डिलनने त्याला विचारले, "तुमचे संयोजन मी माझ्या रेकॉर्डवर घेऊ का?" व्हॅन राँकने आपण स्वतःच ते लवकर मुद्रित करणार असल्याचे सांगून थांबायला सांगितले, तेव्हा मुद्रण आधीच होऊन गेल्याचे उघड झाले. त्यानंतर व्हॅन राँक हे गाणे गायला लागला की लोक त्याला 'डिलनचे गाणे गातो' म्हणू लागले आणि त्याने ते गायचे सोडले. पुढे ॲनिमल्सची तबकडी गाजल्यावर लोक डिलनलाच 'ॲनिमल्सचे गाणे गातो' असे म्हणू लागले आणि त्यानेही ते सोडले. व्हॅन राँकने ही हकीकत स्वतः सांगितली आहे.

डोंगरवाट

ॲनिमल्सना ते कुठून मिळाले, याविषयी त्या गटातच दोन मते आहेत. बर्डनच्या सांगण्यानुसार न्यूकॅसलच्या एका क्लबमध्ये जॉनी हँडल या स्थानिक लोकगायकाकडून त्याने ते पहिल्यांदा ऐकले. इतरांनी डिलनच्या पहिल्या अल्बमचे नाव घेतले आहे.

कोकणकन्या_मडगाव

माझे मामा बोटीवर नोकरीला होते. सुटीवर आले की अंगणात खुर्ची टाकून गिटार काढत आणि हे गाणे हमखास होई. ते 'मुलगी' असेच गात आणि शेवटच्या कडव्याआधी थोडे थांबत. एक पाय फलाटावर, एक पाय गाडीत, आणि परत त्याच न्यू ऑर्लिन्सला बेड्या घालून घ्यायला निघालेली ती व्यक्ती. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोटीवर जायचे असलेल्या माणसाच्या तोंडून ते ऐकताना आजी आत निघून जायची. मला तेव्हा इंग्रजी शब्द कळत नव्हते, तरी ती का उठते ते कळत होते.

ते घर नक्की कोठे होते, हे कोणी सांगू शकेल का?

अटलांटिकपार

कोकणकन्या, मी तीन वर्षांपूर्वी न्यू ऑर्लिन्सला गेलो होतो. तिथले वाटाडे दोन-तीन जागा दाखवतात आणि प्रत्येक जण आपली जागा खरी असल्याचे सांगतो. त्यांतल्या त्यात वजन आहे ते फ्रेंच क्वार्टरमधल्या काँटी स्ट्रीटच्या जागेला. तिथे १८२० च्या सुमारास 'रायझिंग सन' नावाचे हॉटेल होते आणि १८२२ मध्ये ते आगीत जळाले. २००५ च्या सुमारास शिकागो विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी तिथे उत्खनन केले, तेव्हा गालांना लावायच्या लाल रंगाच्या डब्या नेहमीपेक्षा बऱ्याच जास्त संख्येने सापडल्या. त्यावरून तो वेश्यागृहाचा पुरावा असावा, असा तर्क पुढे आला.

हा तर्क मला मोहक वाटतो, पण पुरेसा वाटत नाही. रंगाच्या डब्यांवरून तिथे प्रसाधन करणाऱ्या स्त्रिया होत्या एवढेच ठरते. 'रायझिंग सन' हे नाव इंग्लंडमधल्या जुन्या पबांनाही सर्रास असे, म्हणजे नाव तरी अटलांटिक ओलांडून आलेले असू शकते. काही जण ते घर म्हणजे स्त्रियांचा तुरुंग मानतात आणि बेड्यांची ओळ त्या बाजूने पुढे करतात. फ्रेंच गायक जॉनी हॅलिडे याने १९६४ मध्ये केलेल्या फ्रेंच रूपाचे नावच मुळी 'ल पेनितांसिए', म्हणजे 'तुरुंग' असे आहे आणि त्यात न्यू ऑर्लिन्सचा मागमूसही उरलेला नाही.

शालिनीकाकू

इतकी सुंदर चर्चा चालू असताना विचारते, रागावू नये. गाण्यातले घर वेश्यागृह असेल, तर पंधरा वर्षांच्या मुलीने ते रंगमंचावर गाणे योग्य आहे का?

मृद्गंध

शालिनीकाकू, रागावण्यासारखे यात काहीच नाही. हा प्रश्न मलाही पडला होता. मी तिला अर्थ सांगितला, आडून न सांगता सरळ सांगितला. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "जॉर्जिया सोळा वर्षांची होती ना?" त्यानंतर मला तिला थांबवावेसे वाटले नाही.

मंद्रसप्तक

काकू, आपल्या बायकांनी जात्यावर काय कमी सांगितले आहे? नवऱ्याचा मार, सवत, माहेरची ओढ, पोटच्या लेकीला जन्म देताना वाटलेली भीती, हे सगळे ओव्यांत आले आणि त्या ओव्या दहा-बारा वर्षांच्या पोरी आईच्या मांडीशी बसून ऐकत वाढल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी जाऊन १ लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या संग्रहातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे ओवी गाणाऱ्या बाईचे नाव आणि तिचे गाव यांची नोंद. ती ओवी तिने रचली असे कोणीच म्हणत नाही. तिच्या आईने, आजीने ती गायलेली असणार. तरी ज्या गळ्यातून ती आपल्यापर्यंत आली, त्या गळ्याला नाव आहे. लोमॅक्सने जॉर्जियाचे नाव लिहून ठेवले, हे मला त्याच जातीचे काम वाटते. 'मूळ गायक' हा रकाना अशा गाण्यासाठी बनलेलाच नाही.

अण्णा_दादरकर

कव्हर, म्हणजे इतरांनी पुन्हा गायलेल्या आवृत्त्यांचा विषय मागे पडला. डेट्रॉइटच्या फ्रिजिड पिंक या गटाने १९७० मध्ये फझ, म्हणजे स्वर खरखरीत करणारे साधन लावलेल्या गिटारने हे गाणे अक्षरशः भाजून काढले आणि ते अमेरिकेत सातव्या क्रमांकापर्यंत गेले. नीना सिमोनने १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज गेट या क्लबमध्ये गायलेले रूप माझ्या सर्वांत जवळचे आहे. ती घाई करत नाही, शब्दांमधली जागा रिकामी ठेवते आणि ऐकणाऱ्याला तिथे उभे करते. डॉली पार्टनने १९८० च्या अल्बममध्ये स्त्रीचा आवाज परत आणला आणि ते घर कसले आहे, हे आडपडदा न ठेवता सांगितले. सांता एस्मेराल्डा या गटाने त्याचा डिस्को केला, तो मला सोसवला नाही.

कोकणकन्या_मडगाव

अण्णा, नीना सिमोनची आवृत्ती आत्ता ऐकली. मामा ज्या जागी थांबत, जवळजवळ त्याच जागी तीही थांबते.

सहातारी

मी सुरुवातीला 'आमच्यासाठी ते ॲनिमल्सचेच' असे लिहिले होते. व्हॅलेंटाइनच्या अर्पेजिओविषयी माझे मत तसेच आहे, तो त्याचाच आहे आणि त्याला श्रेय मिळायलाच हवे होते. गाण्याविषयी मात्र आता तसे म्हणता येणार नाही. उद्यापासून वर्गात हे गाणे शिकवण्याआधी मी मुलांना जॉर्जिया टर्नरचे ध्वनिमुद्रण ऐकवणार आहे.

मृद्गंध

सर्वांचे आभार. काल कार्यक्रम झाला, म्हणून शेवटचे लिहिते.

चिठ्ठीतल्या 'मूळ गायक' या छापील शब्दांवर तिने आडवी रेघ मारली आणि वर 'पारंपरिक, अमेरिका' असे लिहिले. त्याखाली बारीक अक्षरांत 'गायिका : जॉर्जिया टर्नर, मिडल्सबरो, १९३७, गिटार : हिल्टन व्हॅलेंटाइनप्रमाणे, १९६४' अशी ओळ बसवली. पत्रिका छापणाऱ्यांनी जागा नसल्याचे सांगून ती ओळ गाळली आणि केवळ 'पारंपरिक' एवढेच छापले. मग गाण्याआधी माइकपाशी उभे राहून तिने ती दोन्ही नावे गावासकट आणि सालासकट वाचून दाखवली.

पहिल्या कडव्यात एफ मुका वाजला. पुढच्या फेरीला तिने तर्जनीचा आडवा बार सोडून चारच तारा दाबल्या आणि तो स्वच्छ लागला. धाकट्या बहिणीची ओळ आली तेव्हा तिने पिक थांबवला आणि ती एक ओळ साथीशिवाय गायली. तसे करायचे आमचे आधी काहीच ठरले नव्हते.